वरचा माळा

दिवाळीच्या आधी माळा झाडण्याची आपल्याकडे चाल आहे. वर्षभरात जे जे मोडले, कानतुटके झाले, ज्याचा उपयोग सरला पण जे फेकून देण्याचा धीर होत नाही, ते ते घरधनीण शिडी लावून वर चढवते. तीन पायांचा पाट, वात न चढणारा कंदील, आजोबांची काठी, दोनच चाके उरलेली मुलाची तीनचाकी. महाराष्ट्राच्या राज्यकारभारातही असाच एक माळा आहे, अशी समजूत आमच्या पुढाऱ्यांनी करून घेतलेली दिसते. घटनेत त्याचे नाव विधान परिषद. सार्वत्रिक निवडणुकीत पडलेला उमेदवार, तिकीट न मिळाल्याने रुसून बसलेला कार्यकर्ता, पक्ष बदलून आलेला पाहुणा, थैली सैल सोडणारा शेठजी. लावा शिडी, चढवा वर!

या चढाओढीला विटलेले दुसरे काही लोक आहेत. ते म्हणतात, माळाच पाडून टाका. कशाला हवे दुसरे सभागृह? खर्च वाचेल, भत्ते वाचतील. पश्चिम बंगालने १९६९ साली पाडले, तामिळनाडूने १९८६ साली पाडले, त्यांचे काय अडले? आंध्र प्रदेशाने १९८५ साली पाडून २००७ साली पुन्हा बांधले हे मात्र ही मंडळी सांगत नाहीत. सहा राज्यांत हे सभागृह शिल्लक आहे आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक आहे.

आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. अडगळ भरणाऱ्यांशी अधिक, पाडणाऱ्यांशी थोडे कमी. पण आहे दोघांशीही. आणि हे आम्ही मलबार हिलच्या पायथ्याशी बसून लिहीत नाही. कुरखेड्याला, सती नदीच्या काठी, धानाच्या कापणीची घाई सुरू असताना लिहीत आहोत. राजधानी जितकी दूर, तितकी बोलणाऱ्या माणसाची गरज अधिक, हे आम्हांला येथून जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईहून दिसत नसावे.

प्रथम हे पाहू की या सभागृहाच्या हातात आहे तरी काय. पैशाचे विधेयक ते १४ दिवसांपलीकडे ठेवून घेऊ शकत नाही. साधे विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना एवढेच अडते. त्यापुढे ते मंजूर झाले असे घटनाच मानून घेते. सरकार पाडणे त्याच्या हाती नाही. मग उरले काय? बोलणे उरले. प्रश्न विचारणे, लक्ष वेधणे, विधेयकातले कलम बोटावर धरून ‘हे कोणाच्या गळ्याला लागणार?’ असे मंत्र्याला उभे करून विचारणे, आणि जे विचारले ते छापील कार्यवृत्तात कायमचे नोंदवून ठेवणे. या सभागृहाचे सारे शस्त्रागार म्हणजे शब्द. खालच्या सभागृहातला मुका सदस्य एक वेळ चालेल. तो हात वर करून सरकार तरी टिकवतो किंवा पाडतो. वरच्या सभागृहातला मुका सदस्य म्हणजे गाळाने भरलेला तलाव: सातबाऱ्यावर तलाव, डोळ्यांना बेशरमीचे रान.

तलावाची उपमा सहज आली, पण तिच्यामागे आमच्या भागाचा इतिहास आहे, तो सांगून टाकतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक नसेल की आमच्या कुरखेड्याला १९५६ पर्यंत वरचे सभागृहच नव्हते. मुंबई इलाख्यात ते १९३७ पासून होते. आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात, पुढे जुन्या मध्य प्रदेशात. आमची राजधानी नागपूर आणि तेथे एकच सभागृह. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा आम्हांला पहिल्यांदा दोन सभागृहे मिळाली.

त्या एका सभागृहाच्या काळात, १९५० साली, नागपूरला मालगुजारी नष्ट करणारा कायदा झाला. चांगला झाला. मालगुजारांची सद्दी संपली याबद्दल येथे कोणी अश्रू ढाळले नाहीत. पण पूर्व विदर्भातले हजारो तलाव मालगुजारीबरोबर सरकारजमा झाले. धानाचे अवघे गणित या तलावांवर. पाळ कोणी बांधायची, सलंग कोणी दुरुस्त करायचा, गाळ कोणी उपसायचा, पाणी कोणी आणि कोणत्या पाळीने सोडायचे, या सगळ्यांची गावागावांत पिढ्यांची रीत होती. ती रीत कायद्याने मोडली. तिच्या जागी आले खाते, आणि खात्याजवळ ना माणूस ना पैसा. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचा पुढे ‘मामा’ झाला आणि मामा तलाव भाच्यांच्या डोळ्यांदेखत उथळ होत गेले. आता, दुसरे सभागृह असते तर त्याने हा प्रश्न विचारलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण विचारायला एक जागा असती, एक महिना असता, आणि ज्याला पुढच्या निवडणुकीत मालगुजाराविरुद्धच्या घोषणेवर मते मागायची नाहीत असा एखादा माणूस उभा राहून म्हणाला असता, ‘कायदा करा, पण गाळाचे काय ते लिहा.’ घाईत केलेला चांगला कायदासुद्धा गरिबाला महाग पडतो. दुसऱ्या वाचनाची किंमत आम्ही उथळ तलावांच्या काठावर राहून मोजली आहे.

पाडणाऱ्यांना एवढे पुरे नसेल, तर त्यांना आम्ही विठ्ठल सखाराम पागे यांचे नाव सांगतो.

पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत, सलग अठरा वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे ज्याने स्वतः बोलायचे नाही, दुसऱ्याला बोलू द्यायचे. मंत्रिपद नाही, खाते नाही, खजिना नाही. या माणसाच्या डोक्यात एक साधा प्रश्न शिरला: खेड्यातला धडधाकट माणूस काम मागतो आणि सरकार त्याला काम देऊ शकत नाही, हे का चालावे? उपाशी माणसाला भिक्षा घालावी हे जुनेच शास्त्र. काम मागणे हा त्याचा हक्क मानावा हे नवे. १९६५ साली त्यांनी तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूरच्या परिसरात, याचा प्रयोग करवून घेतला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना ते पटवीत राहिले. १९७२ साली योजना राज्यभर जाहीर झाली, आणि त्याच सुमारास तो भयंकर दुष्काळ कोसळला, ज्यात १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्या अनुभवाने योजनेची गरज सर्वांच्या गळी उतरली. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारीचा भत्ता. असे वचन कायद्याने देणारे राज्य त्या वेळी देशात दुसरे नव्हते. केंद्र सरकारला तो रस्ता धरायला २००५ साल उजाडले, आणि २००६ च्या फेब्रुवारीत देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत ज्यांची निवड झाली त्यांत आमचा गडचिरोली होता.

या योजनेसाठी पैसा कोठून आला, हेही सांगायला हवे. १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचा आणि खेड्यातल्या हातांना काम द्यायचे. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी ओळ दिसते, तिचे कूळ हे आहे. त्या ओळीकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्याआधी एवढे आठवावे की तिचा उगम ज्या विचारात आहे तो ‘निरुपयोगी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या सभागृहाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा होता.

आमच्या तालुक्यात या कायद्याला काय अर्थ आहे? दिवाळीनंतर धान घरात येते. मळणी झाली की हात मोकळे. मोहफूल मार्च-एप्रिलात, तेंदूपत्ता मे महिन्यात. मधले तीन-चार महिने माणसाने काय खायचे? तेव्हा गाड्या भरभरून माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. बायका जातात, अंगावरची पोरे जातात, शाळेच्या पटावरची नावेही बरोबर जातात. बोडी खोल करण्याचे, तलावाची पाळ बांधण्याचे काम गावात निघाले तर यातली काही घरे तरी गावात राहतात. काम वेळेवर निघत नाही, मजुरी महिनोन्महिने लोंबकळते, हजेरीपटात मेलेली माणसे खडी फोडतात, हे सगळे आम्हांला ठाऊक आहे आणि त्यावर दुसरा लेख लिहिता येईल. पण हक्क आहे म्हणून तक्रार आहे. हक्कच नसता तर तक्रार कशाची केली असती?

‘पागे एक झाले, बाकीचे काय?’ असा प्रश्न येईल. येऊ द्या. ‘पडलेल्यांचे आश्रयस्थान’ हा वरच्या सभागृहांवरचा ठरलेला आरोप आहे, म्हणून सर्वांत मोठ्या ‘पडलेल्या’चे उदाहरण देतो. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. १९५४ साली ते पोटनिवडणुकीला आमच्या शेजारच्या भंडाऱ्यातून उभे राहिले, आणि तेथेही पराभूत झाले. भंडारा-चांद्याच्या मतदारांनी ही आठवण विसरू नये, म्हणून मुद्दाम लिहितो. घटनेचा शिल्पकार संसदेत बसला तो राज्यसभेच्या बाकावर, मुंबई राज्याच्या विधानसभेने निवडून दिलेला सदस्य म्हणून, १९५२ पासून १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत. १९५३ च्या सप्टेंबरात आंध्र राज्याच्या विधेयकावर त्यांनी तेथे विचारले की भाषावार राज्य झाल्यावर त्यात जे संख्येने थोडे त्यांचे रक्षण कोण करणार. पुढच्या वर्षी अस्पृश्यता गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकावर ते बोलले. लोकांनी नाकारलेला हा माणूस मागल्या दाराने आत गेला असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? दार पुढचे की मागचे, हा प्रश्नच गौण. आत जाऊन काय केले ते दाखवा. आजचे पडेल उमेदवार बाबासाहेबांच्या पराभवाचा दाखला देतात, त्यांच्या भाषणांचा देत नाहीत. कारण दाखला दिला तर आपली वही उघडून दाखवावी लागेल, आणि वही कोरी!

आता राज्यपालांनी नेमायच्या बारा जागांकडे वळू. परिषदेत एकंदर ७८ सदस्य: ३० विधानसभेने निवडायचे, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी, आणि १२ नेमायचे. नेमायचे ते साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतले जाणकार, असे घटनेच्या १७१ व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. या जागांवर ग. दि. माडगूळकर बसले, ना. धों. महानोर बसले, ‘उपरा’कार लक्ष्मण माने बसले. पळसखेड्याच्या शेतातून उठून आलेला कवी सभागृहात पाण्यावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतकऱ्यावर बोलत असे, तेव्हा सचिवालयाच्या टिपणीत न मावणारी माहिती तेथे येत असे. भटक्या जमातीत जन्मलेल्या माणसाला आपल्या लोकांच्या पालाविषयी बोलण्यासाठी मतांची बेरीज करावी लागली नाही. ही त्या कलमामागची शहाणी योजना.

आणि तिचे आम्ही काय केले? २०२० च्या जूनमध्ये या बाराही जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरात त्या वेळच्या सरकारने बारा नावे पाठवली. राजभवनाने ना होकार दिला ना नकार. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की वाजवी मुदतीत निर्णय करणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे. तरी निर्णय झाला नाही. २०२२ साली सरकार बदलले आणि नव्या सरकारने ती यादीच परत घेतली. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेची निवडणूक दारात येऊन उभी असताना, बारांपैकी सात जणांचा शपथविधी उरकण्यात आला. चार वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या वरच्या सभागृहात साहित्याची, विज्ञानाची, कलेची, समाजसेवेची खुर्ची रिकामी राहिली आणि दिवाळी अंक काढणाऱ्या, वाचणाऱ्या, पुरस्कार वाटणाऱ्या या सुसंस्कृत महाराष्ट्रात एक तरी मोर्चा निघाला काय? साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आम्ही महिनाभर भांडतो. संमेलनाध्यक्षाला तीन दिवस बोलता येते. आमदाराला सहा वर्षे.

यात एका पक्षाला झाकून दुसऱ्याला उघडे करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांनी यादी पाठवली त्यांच्या यादीत राजकारणी होते, ज्यांनी नंतर भरली त्यांच्या यादीतही होते. पक्षाचा पदाधिकारी हाच समाजसेवक, अशी समाजसेवेची व्याख्या दोन्हीकडे एकच आहे. कुरखेड्यासारख्या जंगलभागात घर सोडून येऊन चाळीस-चाळीस वर्षे आरोग्याचे, ग्रामसभांचे, बायांच्या गटांचे काम करणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे नाव अशा यादीत येऊ शकेल, ही कल्पनाच यादी करणाऱ्याला सुचत नाही; त्यांच्याजवळ गाड्यांचा ताफा नसतो ना!

घरचे हे चित्र पाहून बाहेरच्या एका देशाकडे नजर टाकण्याचा मोह होतो. आयर्लंड हा विदर्भाहूनही कमी वस्तीचा देश. पण आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वे आणि राज्यसभेवर विद्वान-कलावंत नेमण्याची कल्पना तेथल्या घटनेवरून घेतली, म्हणून नाते जवळचे. त्यांच्या सिनेटमध्ये ६० सदस्य. ४३ वेगवेगळ्या व्यवसायगटांच्या नावाने, ६ विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडलेले, ११ पंतप्रधानांनी नेमलेले. तेथेही हेच रडगाणे आहे: व्यवसायगटांच्या जागा पक्षांनी गिळल्या, नेमणुका मर्जीतल्यांना गेल्या. १९७९ साली लोकांनी मत देऊन ठरवले की पदवीधरांच्या जागांचा हक्क इतर शिक्षणसंस्थांनाही देता यावा. सरकारने तो कायदा करायला चाळीस वर्षांहून अधिक वेळ लावला. म्हणजे आळस हा केवळ आपला राष्ट्रीय गुण नव्हे, हे समाधान घ्यावे!

पण त्या सिनेटमधली दोन माणसे पाहा. कवी यीट्स १९२२ ते १९२८ सिनेटर होता. १९२५ साली घटस्फोटाची वाटच बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तो उभा राहिला आणि बहुसंख्यांचा धर्म अल्पसंख्यांवर कायद्याने लादू नका असे त्याने ठणकावले. कोणी ऐकले नाही. उलट लोक संतापले. घटस्फोटाची मुभा त्या देशाने सार्वमताने दिली ती १९९५ साली, सत्तर वर्षांनी आणि तीही केसभर बहुमताने. दुसरी मेरी रॉबिन्सन. विद्यापीठाच्या जागेवरून १९६९ साली सिनेटमध्ये गेलेल्या या तरुण वकीलबाईने १९७१ साली संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवण्याचे विधेयक आणले. सभागृहाने ते वाचूनसुद्धा घेतले नाही. कायदा सैल झाला १९७९ साली. पुढे १९९० मध्ये ती राष्ट्राध्यक्ष झाली. दोघांचीही मते सभागृहात हरली आणि देशात जिंकली. शब्द नोंदवलेला असला की त्याला उशीर होतो, पण तो हरवत नाही. २०१३ साली आयर्लंडच्या सरकारने ‘सिनेट बरखास्त करा, पैसे वाचवा’ म्हणून सार्वमत घेतले, तेव्हा जवळजवळ ५२ टक्के लोकांनी ते फेटाळले. सिनेट फार चांगले चालले आहे असे त्यांना वाटले असेल असे नाही. पण सरकारला टोकणारी एक जागा आपल्या हाताने बुजवायची नाही एवढी अक्कल त्यांनी दाखवली.

आपल्याकडे परत येऊ, आणि मतांचा हिशेब करू. वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली या तीन जिल्ह्यांच्या स्थानिक स्वराज्य संस्था मिळून परिषदेवर एक सदस्य पाठवतात. मत कोणाला? नगरपालिकांच्या, नगरपंचायतींच्या, जिल्हा परिषदांच्या सदस्यांना. कुरखेड्याची नगरपंचायत आहे, म्हणून आमच्या १७ नगरसेवकांना मत. पण गावाची वेस ओलांडून पुढे गेलात की संपले. कोणत्याही ग्रामपंचायतीच्या सरपंचाला, सदस्याला मत नाही. बिहारात आणि कर्नाटकात ग्रामपंचायतीचा साधा सदस्यसुद्धा विधान परिषदेसाठी मत देतो; महाराष्ट्रात, जेथे पंचायत राज्याच्या नावाने आम्ही छाती फुगवतो, तेथे देत नाही. हा काही घटनेचा दोष नाही. ‘संसद ठरवील त्या इतर संस्था’ असे शब्द घटनेत आहेत. यादीत ओळ घालायची ती संसदेने. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातली ग्रामसभा मोठी केली. येथल्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव करतात, ठेकेदाराशी करार करतात, लाखोंचे हिशेब चावडीवर वाचून दाखवतात. जंगलाचा कारभार करण्याइतकी अक्कल असलेला माणूस एका आमदारासाठी चिठ्ठीवर आकडा लिहायला नालायक, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

याहून मोठी गंमत पुढे आहे. २०२२ साली गडचिरोलीसह अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. निवडणूक आयोगाचा दंडक असा की मतदारसंघातल्या तीन-चतुर्थांश संस्था चालू असल्याशिवाय आणि तितके मतदार जागेवर असल्याशिवाय परिषदेची निवडणूक घेता येत नाही. २०१८ साली भरलेली आमची ही जागा २०२४ साली रिकामी झाली तेव्हा मतदारच शिल्लक नव्हते. खालच्या पायऱ्या काढून घेतल्या, मग वरचा मजला आपोआप ओस पडला. ग्रामपंचायतींना मत असते तर हा प्रसंग इतक्या सहजी आला नसता.

पदवीधरांची गोष्ट वेगळी. तेथे दोष आमच्याच पदरात आहे. कुरखेड्यात महाविद्यालय आहे, २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, घरोघरी पदवीधर आहेत. पण पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावर नव्याने होते. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या माणसाने दर वेळी अर्ज भरायचा. आमचा पदवीधर लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे बी.ए. छापतो, अर्ज मात्र भरत नाही. मग नागपूर शहरातल्या यादीवर ज्याची पकड त्याचा आमदार. त्याने सहा वर्षांत कुरखेड्याचे नाव एकदा तरी उच्चारावे, हा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?

आणि नुसता अर्ज भरूनही भागत नाही. आमची ही झाडीपट्टी नाटकवेडी म्हणून प्रसिद्ध आहे. दिवाळी झाली की मंडया भरतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव तंबू ठोकतात, आणि माणूस रात्रभर कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून नाटक पाहतो. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा: खलनायक बरा, नायिकेचा आवाज बसला होता, तिसऱ्या अंकात नट संवाद विसरला. विसरलेला संवाद आमच्या प्रेक्षकाला बरोबर कळतो! हाच प्रेक्षक सहा वर्षे एकही संवाद न म्हणणाऱ्या आमदाराला मात्र हार घालतो. परिषदेची कार्यवृत्ते छापली जातात, त्यांत कोण काय बोलले ते शब्दशः असते. ती मागवणारे एकही वाचनालय आमच्या पाहण्यात नाही. वर्तमानपत्रांत सभात्याग येतो, घोषणाबाजी येते, कोण कोणाला काय उपरोधाने बोलला ते चौकटीत येते; मालगुजारी तलावांवर विचारलेला प्रश्न आणि त्याला मंत्र्याने दिलेले पोकळ उत्तर येत नाही. मुका सदस्य निर्धास्त असतो तो यामुळे. त्याच्या मुकेपणाचा हिशेब ठेवणारे कोणी नाही हे त्याला पक्के माहीत असते.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते. ज्या पुढाऱ्यांना वर चढायचे आहे ते तोवर शिड्या घासूनपुसून ठेवतील. त्याच दिवसांत कुरखेड्यात मळण्या आटोपत आलेल्या असतील आणि मिरचीच्या मुकादमांचे दूत गावांत फिरू लागलेले असतील. जो कोणी आमच्या भागाच्या नावाने त्या सभागृहात बसेल, त्याच्यासाठी प्रश्न तयार आहेत. कुरखेडा तालुक्यात मामा तलाव किती, त्यांतल्या किती तलावांतून आजही सलंगाने पाणी निघते, आणि गाळ उपसण्याचे काम मागणाऱ्या किती हातांना ते जानेवारीच्या आधी मिळाले? तेलंगणात गेलेल्या मायबापांची किती पोरे मार्चमध्ये शाळेच्या हजेरीपटावर आहेत पण वर्गात नाहीत? ग्रामपंचायतींना परिषदेचे मत मिळावे म्हणून राज्य सरकारने केंद्राकडे पत्र पाठवले आहे काय, असल्यास कोणत्या तारखेला? उत्तरे कशीही येवोत. प्रश्न त्याच्या तोंडून, उभे राहून, माईकवर विचारले गेले पाहिजेत, आणि ज्या पानावर ते छापले जातील त्याची एक प्रत आम्ही आमच्या वाचनालयात बांधून ठेवणार आहोत.